सात सीटर एसयूव्हीचं ॲव्हरेज पडलंय, तपासायला सुरुवात कुठून करू?

चौथा_गियर

मंडळी, मदत हवीये. घरची सात सीटर एसयूव्ही आहे, दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक, सहावं वर्ष चालू आहे. नवी होती तेव्हापासून शहर आणि हायवे मिळून साडेअकराच्या आसपास द्यायची, लांबच्या प्रवासात तेरापर्यंत पण गेलीये. गेले काही महिने हळूहळू उतरत उतरत आता आठ-साडेआठवर आलीये. चालवायला तशी ठीक वाटते, धूर नाही, वेगळा आवाज नाही, चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं तर त्यांनी कॉम्प्युटर लावला, 'एरर नाही सर, चालवण्यावर असतं' म्हणाले आणि इंजेक्टर क्लीनिंग करून दिलं. फरक शून्य.

एक बारीकशी गोष्ट, संबंध असेल-नसेल माहीत नाही. हायवेला ८० ला आधी आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा १७००-१८०० वर असायचा, हल्ली २१०० च्या आसपास दिसतो, निदान सुरुवातीचा बराच वेळ तरी. मध्यंतरी चारही टायर बदललेत. छतावर कॅरियर आहे. काय काय बघू आणि कुठल्या क्रमाने?

निवांत

उजवा पाय तपासा. धन्यवाद.

वळणवेडी

निवांत, आलात का लगेच :D

चौथा गियर, हे साडेआठ तुम्ही स्क्रीनवर बघून सांगताय की टाकी फुल करून? कारण स्क्रीनवरचा आकडा म्हणजे गाडीचा अंदाज असतो, पेट्रोल सोडणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून ती हिशोब करते आणि बहुतेक गाड्या स्वतःबद्दल जरा चांगलंच बोलतात. आमच्या गाडीत स्क्रीन कायम जवळजवळ एक किमीने जास्त दाखवते.

तेलकट_हात

वळणवेडीताईंनी योग्य जागी बोट ठेवलंय. आधी मोजणी सरळ करा, मग रोग शोधू. टाकी फुल करायची, पंप आपोआप बंद झाला की थांबायचं, वरून दाबून दाबून भरायचं नाही. ट्रिप मीटर शून्य. मग जेवढी चालेल तेवढी चालवा, टाकी निम्म्याच्या खाली आली की त्याच पंपावर, जमलं तर त्याच नळीने, परत ऑटो कटपर्यंत. किमी भागिले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, कट कधी दोन लिटर आधी होतो कधी नंतर. दोन-तीन टाक्यांचे एकूण किमी आणि एकूण लिटर घ्या आणि मग भागाकार करा. टाक्यांचे वेगवेगळे आकडे काढून त्यांची सरासरी काढत बसलात तर ती चुकीची येते, कमी किमीच्या टाकीला पण तेवढंच वजन मिळतं.

दुसरं म्हणजे टायर. बदललेत म्हणता, साइझ तीच आहे का? जुना आणि नवा, दोन्ही नंबर इथे टाका.

बंड्या_बोनेट

इंधनाच्या नळीला चुंबक बांधा. पेट्रोलचे रेणू रांगेत उभे राहतात म्हणे, शाळेच्या प्रार्थनेसारखे. पाकिटावर ३०% लिहिलंय. दोन बांधले तर ६०%, चार बांधले की टाकीतून पेट्रोल ओसंडून वाहील.

ऑक्टेन_राव

बंड्या :))) अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने असली १०० पेक्षा जास्त यंत्रं आजवर तपासलीत, ठळक फरक पाडणारं एकही सापडलं नाही.

मूळ प्रश्नाकडे. मला वाटतं पेट्रोल बघा. इथेनॉल किती मिसळलेलं मिळतंय? शुद्ध इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच असते. म्हणजे १०% मिश्रणाला ३ टक्क्यांच्या आसपास फटका, २०% ला ६-७. तुमच्या भागात मिश्रण मध्येच बदललं असेल तर थोडं तिथेही गेलं असेल.

तेलकट_हात

ऑक्टेन राव, थोडं जाईल, मान्य. पण साडेअकराचे साडेआठ म्हणजे पाव भागापेक्षा जास्त घसरण आहे, ती एकट्या इथेनॉलने होणार नाही. आणि यांचं हळूहळू उतरलंय. मिश्रण बदललं की एका टाकीत कळतं.

मागच्या_सीटवरून

एअर फिल्टर बघा आधी. माझ्या काकांच्या गाडीचा फिल्टर इतका काळा झाला होता की मेकॅनिकने तो टेबलावर आपटला तर खाली धुळीचा ढीग. बदलल्यावर गाडी उडायला लागली. सगळ्यात सोपं आणि स्वस्त काम आहे, ॲव्हरेज लगेच वाढतं.

स्पॅनर१२

गाडी उडायला लागली हे खरं असेल, ॲव्हरेज वाढलं हे मात्र मी मानणार नाही. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत आत हवा किती येते ते मोजून तेवढंच पेट्रोल सोडलं जातं. फिल्टर चोंदला तर हवा कमी, पेट्रोल पण कमी, ताकद कमी. आपण ॲक्सिलरेटर थोडा जास्त दाबतो इतकंच. ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर चोंदवून हे तपासलं होतं, आधुनिक पेट्रोल गाड्यांच्या इंधनखर्चात म्हणावा असा फरक आला नाही, पिकअप मात्र पडला. कार्ब्युरेटरच्या जमान्यात गोष्ट वेगळी होती, तेव्हा चोक ओढून गाडी चालवल्यासारखं व्हायचं.

मागच्या_सीटवरून

मग काय काकांनी स्वप्न बघितलं का? त्यांनी लिहून ठेवलंय वहीत.

स्पॅनर१२

काकांची गाडी कुठल्या सालची?

मागच्या_सीटवरून

जुनी आहे. कार्ब्युरेटरवालीच असावी. पण तरी.

निवांत

'पण तरी' :D :D

शंकासुर

धागाकर्ते, उतारावर न्यूट्रल टाकता का? मी वर्षानुवर्षं टाकतोय, उतार फुकटात उतरतो. माझं ॲव्हरेज कधी पडलेलं नाही.

स्पॅनर१२

अरे देवा. शंकासुर, उलटं आहे ते. गियरमध्ये राहून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकं इंजिनला फिरवतात आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टर पूर्ण बंद करते. थेंबही जात नाही. आरपीएम साधारण हजार-बाराशेच्या खाली आले की परत चालू करते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतःच्या जिवावर फिरत राहावं लागतं, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल जाणारच, दोन लिटर इंजिनला तासाला पाऊण लिटरच्या आसपास, एसी चालू असेल तर जास्त. आणि सगळा भार ब्रेकवर. सात माणसं भरलेली गाडी लांब उतारावर न्यूट्रलमध्ये सोडली तर ब्रेक तापून पकड सोडतील.

शंकासुर

सौम्य उतारावर गियरमध्ये गाडी मंदावते आणि परत रेस करावी लागते त्याचं काय? न्यूट्रलमध्ये ती लांबपर्यंत जाते. तुम्ही एकच बाजू सांगताय.

स्पॅनर१२

सौम्य उतारावर गियरमध्येच हलका पाय ठेवून वेग राखता येतो की. आणि धागाकर्त्यांची ऑटोमॅटिक आहे, चालत्या गाडीत न्यूट्रल टाकणं त्या गिअरबॉक्सलाही चांगलं नाही.

शंकासुर

माझी मॅन्युअल आहे. असो. आपल्याला पटलेलं नाही.

जुनाट_डिझेल

अवांतर होईल पण विचारूनच घेतो, माझी पण सात सीटर आहे, डिझेल. साडेचौदाची बारा झालीये. मधूनमधून उभ्या गाडीचे आरपीएम आपोआप थोडे वाढतात, पंखा जोरात फिरतो, गाडी बंद केल्यावर पण फिरत राहतो आणि जळका वास येतो. रोज घर ते ऑफिस जेमतेम चार-पाच किमी. डिझेलवाल्यांनी पण याच धाग्यात रडावं का?

तेलकट_हात

रडा. तुमचं तर लक्षणांवरूनच कळतंय. सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ असतो, तो काजळी अडवतो आणि भरत आला की गाडी ती जाळून टाकते. त्याला आत ६०० अंशाच्या आसपास तापमान लागतं, ते आणायला इंजेक्टर नेहमीच्या फवाऱ्यानंतर उशिरा आणखी डिझेल सोडतात. त्या वेळी ॲव्हरेज बघितलंत तर चक्कर येईल. एरवी हे काहीशे किमीतून एकदा होतं आणि हायवेवर कळतही नाही. चार-पाच किमीत ते सुरू होतं आणि पुरं व्हायच्या आत तुम्ही चावी काढता. पुढच्या वेळी परत पहिल्यापासून. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग मोकळ्या रस्त्याला काढा. तरीही वरचेवर होत असेल तर काजळी जास्त का बनतेय ते शोधायचं: धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह अडकलाय का, इंटरकूलरचा पाइप कुठे फाटून टर्बोची हवा गळतेय का, इंजेक्टर ठिबकतोय का, डीपीएफचा प्रेशर सेन्सर खोटं बोलतोय का. डीपीएफ धुणं किंवा बदलणं सगळ्यात शेवटी.

आणि एक काम आजच करा, डिपस्टिक काढून इंजिन ऑइलची पातळी बघा. खाली गेलीये का ते सगळेच बघतात, तुम्ही वर आलीये का ते बघा.

जुनाट_डिझेल

वर? वर कशी येईल? बघून सांगतो.

गणिती_गोगलगाय

चौथा गियर, तुम्ही आणि जुनाट डिझेल दोघंही किमी प्रति लिटरमध्ये बोलताय म्हणून एक गंमत दिसत नाहीये. १०० किमीला किती लिटर लागतात ते काढा. साडेअकराला ८.७ लिटर, साडेआठला पावणेबारा. म्हणजे दर १०० किमीला तीन लिटर जास्तीचे चाललेत. डिझेलवाल्यांचं साडेचौदाचं बारा म्हणजे ६.९ वरून ८.३, दीड लिटरही नाही. ऐकायला दोघांचं दुखणं सारखंच, अडीच-तीन किमीचं, पण खिशातून जाणारं जवळपास दुप्पट. जड गाडीचं एका किमीने सुधारलं तरी ते हलक्या गाडीच्या तीन किमीपेक्षा जास्त वाचवतं कधी कधी.

वळणवेडी

गोगलगाय, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

चौथा_गियर

सगळ्यांचे आभार. काही दिवस लागले कारण टाक्या संपायला हव्या होत्या. तेलकट काका, तुम्ही सांगितलंत तसं मोजलं. ८.९ येतंय. स्क्रीन ९.४ दाखवते.

टायर: आधीचे २३५/६० आर१८, आत्ताचे २३५/६५ आर१८, थोडे खडबडीत ऑल-टेरेन पॅटर्नचे. दुकानदार म्हणाला हे पण बसतात आणि गाडी उंच दिसते. दिसतेही.

हवा तपासली. दाराच्या पट्टीवर ३५ लिहिलंय, चारही २९-३० होते. भरून घेतली.

तेलकट_हात

हां. आता बघा. जुन्या टायरचा व्यास साधारण ७३९ मिमी, नव्याचा ७६३. म्हणजे परीघ ३ टक्क्यांनी वाढला. चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते आणि मीटर मात्र जुनंच अंतर मोजतं. रस्त्यावर १०३ किमी गेलात तर मीटरवर १०० पडतात. त्यामुळे तुमचे ८.९ खरं तर ९.२ आहेत. बसल्या जागी तीन टक्के परत मिळाले.

हवेचा फरक लोकांना वाटतो तेवढा नसतो, चारही चाकांत एक पीएसआय कमी असला की ०.२ टक्के असा ढोबळ हिशोब आहे, तुमच्या पाच-सहाने टक्काभर. पण टायर कडेने झिजतो, ब्रेकिंग बिघडतं, म्हणून भरलीत ते बरं केलंत. ऑल-टेरेन टायर जड असतात आणि लोळायला जास्त जोर मागतात, तिथे आणखी थोडे जातायत, ते टायर आहेत तोवर जाणारच.

कॅरियरवर पेटी आहे का नुसते आडवे दांडे?

चौथा_गियर

मोठी पेटी आहे. सुट्टीत लावली होती ती काढायची राहिलीये म्हणण्यापेक्षा, ठेवायला दुसरी जागा नाही.

ऑक्टेन_राव

ती उतरवा हो. मोठ्या बोथट तोंडाच्या पेटीने शहरात २ ते ८ टक्के, साध्या हायवेला ६ ते १७ आणि एक्सप्रेसवेच्या वेगात १० ते २५ टक्क्यांपर्यंत फटका बसतो असे अमेरिकी ऊर्जा खात्याचे आकडे आहेत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चे ११० केले की जवळजवळ दुप्पट. रिकाम्या पेटीलाही हवा तेवढीच अडवते.

निवांत

पेटीत काय आहे पण?

चौथा_गियर

अजून एक पेटी. लहान. विचारू नका.

तेलकट_हात

पेटी उतरेल तेव्हा उतरेल, मला तुमच्या पहिल्या पोस्टमधलं आरपीएमचं वाक्य डाचतंय, ते इथे कुणी उचललंच नाही. टायर बदलल्यामुळे ते झालं असं वाटेल पण होणार नाही. स्पीडोमीटरसुद्धा चाकांच्या किंवा गिअरबॉक्सच्या फेऱ्याच मोजतो, त्यामुळे टायर केवढाही बसवा, मीटरवरच्या ८० ला आरपीएम तेच राहायला पाहिजेत. ते तीनशेने वाढलेत म्हणजे गाडी एक तर वरच्या गियरला जात नाहीये किंवा टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप लागत नाहीये. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलाने ताकद पोचवणारा जो कन्व्हर्टर असतो त्यात एक क्लच असतो, सरळ रस्त्याला स्थिर वेगात तो लागतो आणि दोन्ही बाजू घट्ट जोडतो. तो उघडा राहिला तर तेल घुसळलं जातं, २००-३०० आरपीएम वाया. तुमचं वर्णन अगदी तेच आहे.

चौथा_गियर

बापरे. सर्व्हिस सेंटरला फोन करून हे विचारलं तर म्हणे गिअरबॉक्स उतरवून बघावा लागेल.

तेलकट_हात

थांबा!! काहीही उतरवू नका. तुम्हीच लिहिलंय 'सुरुवातीचा बराच वेळ तरी'. म्हणजे नंतर कधीतरी लॉकअप लागतो. गिअरबॉक्स बिघडला असता तर तो तापल्यावर जास्त त्रास देतो, तुमचा गार असताना देतोय. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्या इंजिनचं पाणी ठरावीक तापमानाला येईपर्यंत लॉकअप मुद्दाम लावू देत नाहीत. मग प्रश्न असा की तुमचं इंजिन गरम व्हायला एवढा वेळ का घेतंय?

गाडीच्या सेन्सरचे आकडे वाचणारा स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी डोंगल मिळतो, तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा, फोनवर कुठलंही ॲप. हे बघा: कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) तापमान, इंटेक हवेचं तापमान, शॉर्ट आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवते-घटवते ते). सकाळी पहिल्यांदा चावी फिरवाल तेव्हाचे आकडे, मग हायवेला अर्ध्या तासानंतरचे, मग सिग्नलला उभे असतानाचे.

बंड्या_बोनेट

ब्लूटूथला चुंबक चालतं का

वळणवेडी

पण काका, त्यांच्या डॅशबोर्डवर टेंपरेचरचा काटा असेलच की, मधोमध असेल तर इंजिन गरमच ना?

स्पॅनर१२

तो काटा बहुतेक गाड्यांत मुद्दाम मवाळ केलेला असतो. ७५ पासून १०५ पर्यंत काहीही असलं तरी तो मधोमध उभा, लोक उगाच घाबरू नयेत म्हणून. खरा आकडा ओबीडीवरच. काही नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, गार इंजिनाचा निळा दिवा तेवढा असतो.

चौथा_गियर

घ्या आकडे. सकाळी: कूलंट २४, इंटेक हवा २३. हायवेला अर्ध्या तासाने: कूलंट ६९ ते ७३, पुढे कधीतरी ७६. सिग्नलला उभं राहिलं की ८२-८३ पर्यंत चढतं, परत पळायला लागलं की उतरतं. लाँग टर्म ट्रिम +३ च्या आसपास, शॉर्ट टर्म शून्याभोवती वरखाली. काटा मात्र मधोमधच्या जरासा खाली, स्पॅनर म्हणाले तसाच.

तेलकट_हात

सापडला. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.

सकाळी कूलंट आणि हवा एका अंशाच्या फरकात आहेत म्हणजे सेन्सर खरं बोलतोय, नाहीतर त्याच्यावरच पहिला संशय घेतला असता. ट्रिम +३ म्हणजे हवा गळत नाही, एअरफ्लो सेन्सर ठीक, पुढचा ऑक्सिजन सेन्सर ठीक, इंधनाचा दाब ठीक. १० च्या पुढे प्लस किंवा मायनस असता तर त्या वाटेने गेलो असतो. उभं राहिल्यावर तापतं आणि पळताना गार होतं ही अगदी ठरलेली खूण. थर्मोस्टॅटने इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवायची असते, बहुतेक ८२ ते ९० च्या दरम्यान उघडायला लागतात. तो उघडाच राहिला की वारा लागला रे लागला की पाणी गार.

गार इंजिनाला ईसीयू जास्त पेट्रोल पाजते, ऑइल दाट राहून घर्षण वाढतं, त्यात तुमच्या गाडीत लॉकअप लागत नाही. म्हणून एका छोट्या भागाने एवढं खाल्लंय.

खात्री करायची असेल तर रात्रभर उभी असलेली गाडी चालू करा आणि पंख्यापासून जपून रेडिएटरला जाणाऱ्या थर्मोस्टॅटच्या बाजूच्या पाइपला हात लावून बघत राहा. चांगला असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम गरम. उघडा असेल तर पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जातो. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, वाफेने हात भाजतो.

ऑक्टेन_राव

पण मग दिवा का नाही लागला? याच्यासाठी पी०१२८ हा एरर कोड असतो ना?

तेलकट_हात

असतो. पण तो लागायला अटी असतात. ईसीयू गणित करते, एवढी हवा आत गेली, बाहेर एवढं तापमान आहे, तर इतक्या वेळात पाणी अमुक अंशापर्यंत यायला हवं. ती रेघ बऱ्याचदा थर्मोस्टॅटच्या आकड्यापेक्षा बरीच खाली ठेवलेली असते. यांचं ७० च्या पुढे जातंय, ट्रॅफिकमध्ये ८० पार. रेघ ओलांडली की ईसीयूच्या हिशोबात सगळं आलबेल. पूर्ण उघडा अडकला असता तर दिवा लागला असता, हा अर्धवट अडकलेला दिसतो.

मागच्या_सीटवरून

थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर? काकांनी काढून टाकला होता, गाडी कधी तापली नाही.

स्पॅनर१२

काकांना सांगा गाडी कधी तापलीच नाही हाच धाग्याचा विषय आहे.

निवांत

हा प्रतिसाद फ्रेम करा :D

चौथा_गियर

अपडेट. पाइपवाली चाचणी केली, पहिल्या काही मिनिटांतच कोमट लागायला लागला. बाहेरच्या एका मेकॅनिककडून थर्मोस्टॅट बदलला, सोबत कूलंट पण नवीन, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचंच. जुना हातात घेतला तर गार असताना झडपेच्या एका बाजूला फट दिसत होती, कडेला गाळाचा कण चिकटून बसला होता.

आता हायवेला ८९-९१ वर घट्ट उभं राहतं. आणि ८० ला १७५०!! गिअरबॉक्सला कुणी हातही लावलेला नाही.

टाकी ते टाकी मोजलं, टायरची दुरुस्ती धरून १०.५. पेटी अजून वर आहे.

वळणवेडी

वा! तेलकट काका, दंडवत.

तेलकट_हात

दंडवत कसला, आकडे त्यांनी आणले. गणित अजून पूर्ण जुळत नाही पण. पेटी हायवेला बरंच खात असेल, शहरात एवढं नाही. ब्रेक बघितलेत का कुणी? जड गाडी आहे, सहा वर्षं झालीत. मोकळ्या रस्त्यावर थोडं चालवा, शेवटी ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या आणि चारही चाकांच्या डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. तो नसेल तर रिमच्या जवळ हात नेऊन बघा, चिकटवू नका. पुढचे दोन एकमेकांसारखे, मागचे दोन एकमेकांसारखे असायला हवेत.

चौथा_गियर

मागचं डावं ४१, मागचं उजवं ८८. पुढचे दोन्ही पन्नाशीत.

तेलकट_हात

उजव्या मागच्याचा कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सुटत नाहीये. बहुतेक वेळा त्या दोन स्लाइड पिना असतात त्यांचं रबर फाटतं, पाणी जातं, ग्रीस सुकतं आणि पिना जॅम. साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायचं, साधं चाकाचं नाही, रबर फुगतं त्याने. पिना ठीक निघाल्या तर पार्किंग ब्रेकची केबल किंवा मोटर पूर्ण सैल होतेय का बघा. त्या बाजूचे पॅड पण बघा, आतला आणि बाहेरचा वेगवेगळा झिजलेला सापडेल.

शंकासुर

न्यूट्रलमध्ये सोडली असती तर गाडी लवकर थांबते हे आधीच कळलं असतं.

स्पॅनर१२

... याला उत्तर नाही माझ्याकडे. सपाट मोकळ्या जागेत खरंच चालतं हे.

चौथा_गियर

खालची पिन अक्षरशः ठोकून काढावी लागली. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा निम्मा. दोन्ही बाजूंच्या पिना, रबरं आणि मागचे पॅड नवीन घातले. पेटी उतरवून बाल्कनीत उभी केलीये, घरात त्यावर वेगळा धागा चालू आहे. दांडे पण काढले. गेल्या काही टाक्यांचं मिळून ११.३ बसतंय. उरलेलं टायर खातायत, ते झिजले की मूळ साइझवर जाईन.

गणिती_गोगलगाय

१०० किमीला १०.९ लिटर लागत होते ते ८.८ वर आले. दोन लिटर सुटले.

मागच्या_सीटवरून

आणि एअर फिल्टर?

चौथा_गियर

तोही बदलला हो, काकांच्या नावाने :D

जुनाट_डिझेल

धागा वर काढतोय. तेलकट काका, डिपस्टिक बघायला उशीर झाला. सपाट जागेवर, इंजिन गार असताना बघितलं. वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे आणि ऑइलला डिझेलचा वास येतोय. मी तर मध्ये टॉप-अप पण केलेलं नाही.

तेलकट_हात

अर्धवट राहिलेल्या प्रत्येक सफाईतलं उशिरा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये जातं, म्हणून पातळी वाढते. ऑइल पातळ झालं की बेअरिंग आणि टर्बो जातात. आणि पातळी फारच चढली तर इंजिन ते ऑइल स्वतःच हवेच्या वाटेने ओढून जाळायला लागतं, मग चावी बंद केली तरी ते थांबत नाही. ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय गाडी चालवू नका, गरज असेल तर मेकॅनिकला घरी बोलवा. लो-ॲश (कमी राख सोडणारं), डीपीएफला चालणारं ऑइलच घाला, मॅन्युअलमध्ये ग्रेड असेल. मग स्कॅनर लावून काजळीचा आकडा किती आणि मागची पूर्ण सफाई किती किमीपूर्वी झाली ते वाचून इथे टाका. आणि तुमच्याही कूलंटचं तापमान बघा. इंजिन पुरेसं तापत नसेल तर बऱ्याच गाड्या ती सफाई सुरूच करत नाहीत.

जुनाट_डिझेल

मेकॅनिक उद्या सकाळी येतोय. डोंगल मागवलाय. नवीन धागा काढू की इथेच?

निवांत

इथेच. पेट्रोलवाल्यांचं संपलंय.